वाळूचा नियम, बर्फाचा घाट

बर्फ आणि वाळू एकच, हे मला ज्याने सांगितलं तो कोल्हापूरचा होता आणि ज्याने ऐकून घेतलं तो, म्हणजे मी, पुण्याचा. त्यामुळे आपण चुकत असू अशी शंका सांगणाऱ्याला येणं शक्य नव्हतं, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे कबूल करणं ऐकणाऱ्याला शक्य नव्हतं. एवढ्या भक्कम पायावर आम्ही आमची सहल उभी केली.

ती वर्षं वर्ल्ड कपच्या तयारीची होती. सकाळी ज्या रस्त्याने कामावर जावं तो संध्याकाळी परतेपर्यंत जागेवर असेलच याची दोह्यात खात्री नसे. आज डावीकडे वळायचं तिथे उद्या मेट्रोचा खड्डा आणि परवा खजुराची झाडं. मी अल अझीझियात राहायचो आणि कामाला रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जायचो, रोज जाऊन-येऊन दोन तास तरी स्टिअरिंगवर. त्यामुळे आपण ड्रायव्हर म्हणून कुणीतरी आहोत असा माझा समज झाला होता. त्याला खतपाणी घालायला माझी गाडी होतीच.

गाडी जुनी, लांबलचक आणि ऑटोमॅटिक. पण माझा खरा अभिमान वेगळाच होता. आपल्या बहुतेकांच्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. माझ्या गाडीला मागची चाकं ढकलायची. हा फरक मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचो. "ओढते ती बैलगाडी, ढकलते ती गाडी," असं माझं एक वाक्य ठरलेलं होतं. बायको ते वाक्य सुरू झालं की आत कप आणायला जायची.

कोल्हापूरकर माझ्याच साइटवर होता, पाइपिंगवाला. बायका-मुलं गावाकडे, हा इथे एकटा. म्हणून शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. बायकोला तो वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. माझ्या मुलीला, तेव्हा ती नऊ वर्षांची, त्याच्या गोष्टी फार आवडत. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तो इंग्रजीतला प्रश्न ऐकून कोल्हापुरीत उत्तर द्यायचा. दोघांचं छान चालायचं.

वाळूत गाडी चालवायला मला त्यानेच शिकवलं. शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच्या मोठ्या गाडीतून दक्षिणेला टेकड्यांवर जायचो. टेकड्या म्हणजे वाळूच्या. तिथल्या विद्येचे तीन नियम. एक, टायरमधली हवा निम्मी काढायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. दोन, चाक गरगर फिरलं की इंजिनाचा गळा धरणारी गाडीतली आगाऊ यंत्रणा बटण दाबून बंद करायची. आणि तीन, उतारावर गाडी आडवी जायला लागली तर ब्रेकला पाय लावायचा नाही, तोंड उताराकडे वळवून रेस द्यायची. "आडवी गेली की रेस! ब्रेक मारलास की गोल झालास," असं तो ओरडायचा. वाळूत हे तिन्ही नियम शंभर टक्के खरे आहेत. मी ते पाठ केले. नंतर माझ्या लांबलचक गाडीने, एका स्टेडियमच्या पार्किंगसाठी सपाट करून ठेवलेल्या माळावर, मी एकटाच गोल गोल फिरून आलो आणि घरी येऊन टायर धुतले.

वाळूचं झालं की जेवणावर बर्फाचं सुरू व्हायचं. हा दोह्याला यायच्या आधी कझाकस्तानात होता. तीन हिवाळे.

"उणे तीस, वहिनी. थुकलं तर खाली पडंस्तवर गोटी."

"ईऽऽ," मुलगी म्हणायची. "देन हाऊ डू यू ड्राइव्ह?"

"गाडी? गाडी पळायची की. बर्फ म्हंजे काय, पांढरी वाळूच. सगळं तेच असतंय."

मी मान डोलवायचो, जणू काही मीही एक-दोन हिवाळे तिथे काढून आलोय.

डिसेंबरात राष्ट्रीय दिनाची सुट्टी शनिवार-रविवारला... म्हणजे आमच्या शुक्रवार-शनिवारला जोडून आली. शेजारी देशांनी कतारवर बहिष्कार टाकलेला, त्यामुळे सौदीची हद्द तेव्हा बंद, दुबईची विमानं बंद. जो तो जॉर्जियाला निघाला होता, कारण कतारचं रेसिडन्सी कार्ड खिशात असलं की तिथे व्हिसाची कटकट नव्हती. मुलीने बर्फ पाहिला नव्हता. कोल्हापूरकर म्हणाला, "मी येतो की संगं. बर्फात माणूस पाहिजे माहितीतला." ठरलं. बायकोने मात्र एक अट घातली.

ही अट नीट सांगायला हवी. बायको सात वर्षांची असताना एका घाटात तिच्या मामाची जीप कठड्यावरून अर्धी बाहेर लटकली होती. जीपमध्ये ही होती. तेव्हापासून घाट म्हटला की ती खिडकीकडे बघत नाही, चालवणाऱ्याच्या हातांकडे बघते. लग्नानंतर घाटात ती फक्त माझ्याबरोबर बसत आली, कारण मी सांगतो तसंच करतो असा तिचा विश्वास होता. मी तो सांभाळलाही होता. घाटात मी कधी ओव्हरटेक केला नाही, तिला खोटं वेळापत्रक सांगितलं नाही.

तिच्या कॅनडातल्या मावसभावाने तिला सांगितलं होतं, बर्फात जायचं तर चारही चाकांना ताकद असलेली गाडी घ्या. ती मला म्हणाली, "एवढं बघ. बाकी तुम्ही दोघं ठरवा."

मी बुक करायला बसलो. चार चाकांच्या गाड्या होत्या, ठोकळ्यासारख्या. आणि त्यांच्या खाली एक गाडी दिसली: माझीच. तेच मॉडेल, तोच रंगही जवळजवळ. ऑटोमॅटिक, मागच्या चाकांची. मला वाटलं, हिची नस न् नस मला माहीत आहे. बर्फ म्हणजे वाळू, वाळूचे नियम पाठ, गाडी घरचीच. अजून काय पाहिजे?

"चारही चाकांची घेतलीस ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

कोल्हापूरकराला मात्र खरं सांगितलं. "फोर-व्हील घेतली असतीस तर बरं," म्हणाला. मग माझं तोंड बघून, "पण हरकत न्हाई. मी हाय की."

तिबिलिसीच्या विमानतळावर गाडी ताब्यात घेतली तेव्हा काउंटरवरच्या बाईने डोंगराचं नाव ऐकून भुवया उंचावल्या आणि पुन्हा एकदा विचारलं, दुसरी गाडी देऊ का? बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी नको म्हणालो आणि किल्ली घेतली. गाडीत बसल्यावर पाहिलं तर गिअरच्या दांड्याशेजारचं बर्फाच्या फुलाचं बटण चालू. आधीच कुडकुडतोय, त्यात हे कशाला, म्हणून मी ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढलो. रस्ता साफ केलेला, काळा, कोरडा. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून आमची सवारी. मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून चालवत होतो. बायको नेहमीप्रमाणे माझ्या हातांकडे बघत होती, पण शांत होती. अर्ध्या वाटेत ती चक्क खिडकीबाहेर बघून म्हणाली, "सुंदर आहे रे." मला इतकं बरं वाटलं, की आपण खोटं बोललोय हे मी त्या क्षणी पूर्ण विसरलो. खरं तर मला ते खोटं वाटेनासंच झालं होतं. चार चाकं होतीच की गाडीला.

वर मुलीने बर्फात लोळण घेतली. कोल्हापूरकराने बर्फाचा गोळा करून माझ्या कॉलरमध्ये घातला. थर्मासमधला चहा प्यायलो आणि घरून आणलेले धपाटे खाल्ले. दुपारी दोनच्या सुमाराला आभाळ खाली आलं आणि बर्फ पडायला लागला, आधी कापसासारखा, मग सरळ रेषेत. खाली जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता दाबून दाबून काचेसारखा केला.

"चला, निघू या," बायको म्हणाली.

"थांबा वहिनी. हवा काढूया आधी."

आम्ही दोघे चार टायरांपाशी उकिडवे बसलो. मी किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबत होतो, तो टायरवर बूट दाबून अंदाज घेत होता. शेजारचा गाडीवाला आपल्या टायरांना साखळ्या बांधत होता. तो आमच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शिकतोय बिचारा.

"हवा का काढताय?" बायकोने विचारलं.

"वहिनी, उंटाचा पाय बघितलाय न्हवं? पसरट. म्हणून रुतत न्हाई."

"पण इथे रुतायचं कुठे आहे? इथे घसरायचं आहे ना?"

या प्रश्नाकडे दोन इंजिनिअरांनी दुर्लक्ष केलं. मी गाडीत बसलो, आगाऊ यंत्रणेचं बटण दाबून ती बंद केली आणि निघालो.

पहिलं वळण कसं गेलं मला सांगता येणार नाही. रेस न देताही गाडी पुढे जात होती, ऑटोमॅटिकचं ते मागून हळूच ढकलणं, जे मला दोह्याच्या सिग्नलवर इतकं आवडायचं. ब्रेक दाबला की पायाखाली घर्रर्र व्हायचं आणि गाडी आपल्याच विचारात खाली जात राहायची. दुसऱ्या वळणावर मागची बाजू उजवीकडे सरकली. अगदी अलगद, कुणी दार लोटावं तशी.

"आडवी चालली!" मागून कोल्हापूरकर ओरडला. "रेस! रेस दे!"

आणि मी दिली. तोंड उताराकडे, पाय रेसवर, नियम क्रमांक तीन. डोंगर डाव्या खिडकीत होता तो समोर आला, मग उजव्या खिडकीत गेला, मग दरी समोर आली आणि तिथेच थांबली. गाडीचा मागचा भाग डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात घुसला होता आणि नाक रस्त्यावर आडवं, दरीकडे. वायपर चालू होते. मुलगी रडली नाही. बायको माझ्या हातांकडे बघत होती.

थोड्या वेळाने ती मागे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही बसा चालवायला. तुम्हाला सवय आहे."

मागे कोल्हापूरकर जॅकेटची चेन खाली-वर करत राहिला.

"भावजी?"

"वहिनी, तसं नसतंय ते."

"कसं नसतं?"

"तिथं कंपनीचा ड्रायव्हर असायचा. आमाला परवानगीच न्हवती चालवायची."

"तीन हिवाळे?"

"तीन हिवाळे मागं बसून. पण बघत हुतो की मी सगळं!"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं मी या माणसाच्या मागे वाळूतून फिरलो होतो, याच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवली होती, माझ्या बायको-मुलीला याच्या भरवशावर डोंगरावर आणलं होतं. आणि हा त्या सगळ्या हिवाळ्यांत काचेतून बाहेर बघत बसला होता.

"लेका," मी म्हणालो, "तू आम्हाला मारलं असतंस."

"मी? म्या म्हटलेलं न्हवं तुला, फोर-व्हील घे म्हणून? ह्या मागच्या चाकांच्या गाडीला बर्फात पकड असतीय का कधी? तुझीच हौस!"

म्हणाला आणि जीभ चावली. पण जे बाहेर पडायचं ते पडलं होतं.

बायकोने मान सावकाश माझ्याकडे वळवली. "ही चारही चाकांची नाही?"

मी वायपर बंद केले. का केले कुणास ठाऊक.

"बाबा," मागून मुलगी म्हणाली, "यू टोल्ड आई इट वॉज."

तेवढ्यात वरून पर्यटकांची एक मिनीबस आली, साखळ्या खडखडवत, आणि आमच्यामागे थांबली. बायको उतरली, त्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलली, मुलीला उतरवलं. मग माझ्या खिडकीशी आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गाडी इथेच सोड आणि तू पण चल. तुम्ही दोघंही."

इथे मला एक शेवटची संधी होती आणि मी ती ओळखलीसुद्धा. पण मिनीबसच्या खिडकीतून दहा-बारा तोंडं माझ्याकडे बघत होती. "तू हो पुढे," मी म्हणालो. "मी आणतो गाडी."

तिने मुलीची टोपी खाली ओढली आणि बसमध्ये चढली. बस आमच्या नाकाला वळसा घालून खाली गेली.

आम्ही दोघे पाऊण तास गाडीत बसलो. एकमेकांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात दोन्ही शहरांचा उद्धार झाला. मग काचेवर टकटक झाली. बाहेर सत्तरीचा एक म्हातारा, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात फावडं. खालच्या वळणावर त्याचं मधाच्या बाटल्यांचं दुकान होतं. त्याने काहीतरी विचारलं.

"रशियन हाय," कोल्हापूरकर हळूच म्हणाला. "मला येतंय." आणि मोठ्याने, "स्पासिबा!"

म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं.

"स्पासिबा, स्पासिबा."

स्पासिबा म्हणजे धन्यवाद; तीन हिवाळ्यांची एवढीच कमाई होती. म्हाताऱ्याने आमचा नाद सोडून गाडीभोवती फेरी मारली. टायर पाहिले, बुटाने दाबले, आणि जिभेने असा आवाज केला जो कुठल्याही भाषेत समजतो. खाली दुकानात गेला आणि पायाने मारायचा पंप घेऊन आला. तो मला दिला. मी एकेका टायरला घाम फुटेपर्यंत हवा मारली, तोवर त्याने मागच्या चाकांसमोरचा बर्फ काढून तिथे बादलीभर वाळू टाकली. वाळू! कोल्हापूरकर आणि मी एकमेकांकडे न बघण्याची खबरदारी घेतली.

मग तो माझ्या जागेवर बसला. आगाऊ यंत्रणा पुन्हा चालू केली. मग त्याचं बोट गिअरशेजारच्या बर्फाच्या फुलावर गेलं, ते बटण बंद दिसलं, आणि तो माझ्याकडे बघून हसला. त्याने ते दाबलं, दोन बोटं वर केली, दुसरा गिअर, आणि तळहाताने हवेत हळूच पुढे जाण्याची खूण केली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते बटण बर्फावरच्या चालण्याचं होतं. ते चालू असलं की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठते, म्हणजे मागची चाकं झटका देत नाहीत, घसरत नाहीत.

आणि दोह्यात माझ्या गाडीचं हेच बटण मी एप्रिल ते ऑक्टोबर चालू ठेवत आलो होतो, एसी जादा थंड व्हावा म्हणून. आलेल्या पाहुण्याला कौतुकाने दाखवायचो, "बघा, हे दाबलं की कसं गार होतं." पाहुणेही म्हणायचे, हो हो, फरक पडलाय. उन्हाळ्यात माझी गाडी सिग्नलवरून सुस्त का उठते म्हणून मी दोनदा मेकॅनिककडेही गेलो होतो.

म्हाताऱ्याने शेवटी आमच्या दोघांच्या पोटांकडे बोट दाखवलं आणि मग मागच्या सीटकडे. मला आधी कळलं नाही. त्याने बोनेटवर हात ठेवून 'जड' अशी खूण केली, डिकीवर हात ठेवून 'हलकी' अशी केली, आणि पुन्हा आमच्याकडे बोट. इंजिन पुढे, मागची चाकं हलकी, म्हणून घसरतात. मागे वजन पाहिजे. दोन अनुभवी इंजिनिअर मागे जाऊन बसले. त्या घाटात आमचा तेवढाच उपयोग होता.

म्हाताऱ्याने गाडी अशी काढली की तिला आपण निघालोय हे कळलंच नसावं. सगळं हळू. पाय रेसवर ठेवल्यासारखा न ठेवल्यासारखा, वळणाआधीच वेग उतरवलेला, स्टिअरिंगवर हात पोळी उलटताना ठेवावा तेवढाच. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. बायको घाटात काय बघते ते मला त्या दिवशी कळलं.

मागे कोल्हापूरकर कुजबुजला, "खाली गेल्यावर काय सांगायचं?"

मी सीटबेल्ट घट्ट केला.

"असं करू. तू आणलीस म्हणून सांग वहिनींना. तेवढंच तुझं पुसलं जाईल. मी ब्र काढत न्हाई."

"आणि तुझं काय?"

"माझं कझाकस्तान दोह्यात कुणाला सांगू नको. बास."

आम्ही सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत हात मिळवले. समोरचा म्हातारा आरशातून बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत असावेत.

खाली रस्ता काळा झाला तिथे तो उतरला, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि वर जाणाऱ्या एका ट्रकला हात करून निघून गेला. मी त्याला नाव विचारलं नाही. पुढचे सपाटीचे चाळीस किलोमीटर मी चालवले. एवढा भाग अगदी खरा आहे.

हॉटेलच्या लॉबीत बायको उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कोणी आणली?"

"मी."

"पूर्ण?"

"मग कोण आणणार?"

तिने डोळे मिटले आणि उघडले. मुलगी धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. "यू डिड इट, बाबा!" रात्री बायको म्हणाली, "गाडीबद्दल खोटं बोललास ते मी विसरणार नाही. पण सोडून पळाला नाहीस. तेवढं तरी आहे." ते 'तेवढं तरी' घेऊन मी दोह्याला परतलो. परतीच्या विमानात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. माझा खांदा अवघडला, पण मी हललो नाही.

महिन्याभराने संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका सदस्याच्या व्हिलात. पंचवीस-तीस माणसं, तिळाच्या वड्या, पोरांचा गोंधळ. विषय कुणीतरी जॉर्जियावर आणला. कोल्हापूरकराच्या हातात मसालेदूध होतं आणि समोर ऐकणारे होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याला करार-बिरार आठवत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"खोटं कशाला बोलू, वहिनी हितंच हायत," त्याने सुरुवात केली. "तोवर बर्फावर मी गाडीला हात लावला न्हवता. कझाकस्तानात ड्रायव्हर असायचा. पण वेळ आली न्हवं का? म्हटलं, आता मागं सरायचं न्हाई. बसलो स्टिअरिंगवर आणि आणली खाली. फुलासारखी!"

"आणि हा?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा? हा मागं बसलेला, डोळं मिटून."

व्हिलात हशा पिकला. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. त्याने स्वतःचं कझाकस्तान स्वतःच उघडं केलं होतं, म्हणजे माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच उरलं नव्हतं. आणि मी मागे बसलेला होतो, डोळे मिटूनही असेन. खोलीच्या पलीकडे, बायकांच्या घोळक्यात, माझी बायको हसत नव्हती. तिच्या हातातली तिळाची वडी तशीच होती.

घरी येताना तिने विचारलं, "काय खरं?"

मी काय करायला हवं होतं हे मला आज शांतपणे लिहिता येतं. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं: विश्वासघात! ज्याला दोन वर्षं घरचं जेवण घातलं, त्याने भर सभेत माझं उरलंसुरलं काढून घेतलं. त्या संतापात मी म्हणालो, "थापा मारतोय तो. तुला माहितीय ना कसा आहे? मीच आणली गाडी."

"नक्की?"

"पोरीची शपथ घेऊ का आता?"

"नको," ती पटकन म्हणाली.

शुक्रवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. तिनेच फोन केला. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, दर शुक्रवारी येतात ना? तो आला, हात धुऊन बसला. भाकरी, पिठलं, ठेचा, त्याच्या आवडीचं सगळं. मुलगीही बसली होती. बायकोने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि तव्याकडे वळता वळता म्हणाली, "भावजी, गाडी खाली कोणी आणली हो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं.

"म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "मधवाल्या. आमी दोघं मागं बसलेलो, वजनाला." आणि ठेच्याकडे हात केला. "तिकडं मंडळात जरा लांबवलं मी. चुकलं माझं, वहिनी."

"असू द्या," ती म्हणाली. "पिठलं घ्या अजून."

म्हणजे झालं. दोन वर्षांच्या थापा, घाटातली फजिती, मंडळातली बढाई, सगळं एका घासात कबूल केलं आणि दुसऱ्या घासाला त्याला माफी मिळाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मुलगी बघत होती. तिने शाळेत आपल्या वर्गाला उभं राहून सांगितलं होतं, माझे बाबा बर्फावरून गाडी घेऊन आले. ते मला त्याच जेवणात कळलं, कारण ती म्हणाली, "सो आय हॅव टु टेल देम नाऊ?"

"विचार बाबांना," बायको म्हणाली.

तो गेल्यावर मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. सगळं सांगितलं, बर्फाच्या फुलाचंसुद्धा. ते ऐकून ती हसेल असं मला वाटलं होतं. एरवी हसली असती.

"भावजींनी मला फसवलं," ती म्हणाली, "पण विचारल्यावर सांगितलं. तुला मी तीनदा विचारलं."

तिने गणित बरोबर केलं होतं. स्वयंपाकघरातून एकदा, लॉबीत एकदा, मंडळातून येताना गाडीत एकदा.

कोल्हापूरकर दर शुक्रवारी येत राहिला. माझा त्याच्यावरचा राग गेला नाही, पण तो मला दाखवता येईना, कारण घरात त्याच्या बाजूने एक मत होतं आणि माझ्या बाजूने नव्हतं. मुलीने वर्गात काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

तेव्हापासून एक रीत पडली. रास लफानच्या गेटमधून निघालो की "निघालो" असा मेसेज पुरत नाही. फोनवरून लोकेशन पाठवावं लागतं, चालू असलेलं, म्हणजे नकाशावर माझा ठिपका तिला दिसतो. अल खोरपाशी आला, लुसैलच्या खोदकामात अडकला, अझीझियाच्या वळणावर आला. ती ठिपका बघून भात लावते. ठिपका हलत असेल तर ती फोन करत नाही. विचारायचं काही उरलेलं नसतं.